गळ्याचा संत : सेबास्तेपासून आंबोलीपर्यंत

माशाचा काटा गळ्यात अडकला की काय करायचं हे कोकणपट्टीतल्या कुठल्याही घरात विचारावं लागत नाही. सुक्या भाताचा गोळा न चावता गिळायचा, नाहीतर भाकरीचा मोठा घास, नाहीतर केळं. पाला आणि भिंग आवडीनं खाणाऱ्यांना तर हे फारच लहानपणी कळतं, कारण या माशांची चव जितकी मोठी तितकेच त्यांचे काटे बारीक आणि अगणित. कॅथलिक घरांत मात्र या उपायांच्या जोडीला एका संताचं नावही घेतलं जातं. ते नाव संत ब्लेझ यांचं.

दरवर्षी ३ फेब्रुवारीला त्यांचा सण असतो. मिस्सा झाली की लोक वेदीपुढे रांगेत उभे राहतात. फादरांच्या हातात दोन मेणबत्त्या असतात, लाल फितीनं फुलीसारख्या बांधलेल्या. या मेणबत्त्या आदल्या दिवशी, २ फेब्रुवारीला, बाळ येशूच्या मंदिरातल्या समर्पणाच्या सणाला आशीर्वादित केलेल्या असतात. त्या फुलीच्या बेचक्यात समोरच्या माणसाचा गळा येईल अशा बेतानं फादर त्या हनुवटीखाली धरतात आणि एक लहानशी प्रार्थना म्हणतात : बिशप आणि रक्तसाक्षी संत ब्लेझ यांच्या मध्यस्थीनं देव तुला गळ्याच्या दुखण्यापासून आणि इतर सर्व आजारांपासून सोडवो. रक्तसाक्षी म्हणजे श्रद्धेसाठी प्राण दिलेला. एका माणसामागे फार तर अर्धं मिनिट लागतं.

जगभरातल्या कॅथलिक चर्चमध्ये हा विधी होतो. पण अंधेरी पश्चिमेच्या आंबोलीत त्याला घरचं कार्य असल्याचं मोल आहे, कारण तिथलं चर्चच संत ब्लेझ यांचं. अंधेरी स्टेशनवरून आंबोलीकडे निघालं, सीझर रोडला लागलं की उंच इमारतींच्या मध्ये हे चर्च, त्याच नावाची शाळा आणि उरलंसुरलं गावठाण येतं. आणि इथून हजारो मैलांवर, एड्रियाटिक समुद्राच्या काठावर, क्रोएशियात, दुब्रोवनिक नावाचं तटबंदीचं शहर आहे. त्या शहराचे आश्रयदाते संतही हेच. तिथं त्यांना स्वेती व्लाहो म्हणतात आणि हजार वर्षांहून अधिक काळ ते त्या शहराचे रक्षणकर्ते मानले जातात. एका शहराच्या वेशीवर उभा असलेला हा संत आपल्या अंधेरीतल्या एका गावाचा कसा झाला, याची कुळकथा मांडावी असं फार दिवस मनात होतं.

मूळ शोधायला जावं तर सापडतो तो वैद्यकाचा ग्रंथ. सहाव्या शतकाच्या सुरुवातीला अमिदा गावचा एतिओस नावाचा एक ग्रीक वैद्य होऊन गेला. अमिदा म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं दियारबकिर. त्यानं सोळा भागांचा वैद्यकीय संग्रह लिहिला, आणि त्यात घशात हाड किंवा काटा अडकला तर काय करावं हे सांगताना रोग्याचा गळा धरून म्हणायचे शब्द दिले. बायबलातला लाझरस जसा थडग्यातून बाहेर आला, योना जसा माशाच्या पोटातून बाहेर आला, तसं हे हाड वर यावं किंवा खाली जावं, अशी आज्ञा त्यात आहे. ती आज्ञा कोणाच्या नावानं द्यायची, तर देवाचा सेवक आणि रक्तसाक्षी ब्लेझ याच्या.

मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ब्लेझ यांचं जे चरित्र आज सांगितलं जातं, ते याच्या बऱ्याच नंतर लिहिलं गेलं. म्हणजे संताची कथा नीट रचली जाण्याआधीच लोक गळ्यासाठी त्यांचं नाव घेत होते, आणि एका व्यवसायी वैद्याला ते आपल्या ग्रंथात नोंदवावंसं वाटलं. आधी चरित्र, मग देऊळ, मग नवस असा क्रम असेल असं आपल्याला वाटतं. इथं गळ्याची भीती आधी आहे. शतकानुशतकं या संताला जिवंत ठेवलं ते या भीतीनंच, राजे आणि नगरं त्यांच्या मागून आली, असं माझं मत आहे.

चरित्र असं आहे. ब्लेझ हे लघु आर्मेनियातल्या सेबास्ते शहराचे बिशप. हे शहर आज तुर्कस्तानात सिवास म्हणून आहे. परंपरा सांगते की बिशप होण्याआधी ते वैद्य होते. इ. स. ३१३ मध्ये कॉन्स्टंटाइन आणि लिसिनियस या दोन रोमन सम्राटांनी ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली होती. पण पुढे त्यांचं आपसांत बिनसलं आणि पूर्वेकडे राज्य करणाऱ्या लिसिनियसनं पुन्हा ख्रिस्ती लोकांचा छळ आरंभला. ब्लेझ डोंगरातल्या एका गुहेत जाऊन राहिले. जखमी जनावरं त्यांच्याकडे येत, ते त्यांना बरं करत. शिकाऱ्यांनी त्यांना तिथंच पाहिलं आणि सुभेदार अग्रिकोलाउसच्या माणसांनी त्यांना धरून नेलं.

वाटेत एक बाई आडवी आली. तिच्या मुलाच्या घशात माशाचा काटा रुतला होता आणि त्याचा श्वास कोंडत होता. ब्लेझ यांनी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि मूल वाचलं. दुसरी एक गरीब बाई होती, तिचं एकुलतं एक डुक्कर लांडग्यानं पळवलं होतं. ब्लेझ यांच्या शब्दावर लांडग्यानं ते परत आणून दिलं. पुढे ते तुरुंगात अंधारात पडले असताना हीच बाई त्यांच्यासाठी अन्न आणि मेणबत्त्या घेऊन गेली. आजच्या विधीतल्या मेणबत्त्यांचं नातं लोक या बाईशी जोडतात. शेवटी लोकर विंचरायच्या लोखंडी फण्यांनी त्यांचं अंग सोलून काढलं आणि मग शिरच्छेद केला. साल ३१६ सांगितलं जातं.

इतिहास म्हणून यातून हाती लागतं ते थोडंच : सेबास्ते, बिशपपद, लिसिनियसच्या काळातला मृत्यू. बाकीचं लोकांच्या श्रद्धेनं भरलेलं आहे. पण त्यातले प्रसंग पाहा. काटा अडकलेलं मूल, डुक्कर गेलेली बाई, जखमी जनावरं. पाण्यावर चालण्यासारखे मोठे चमत्कारही चरित्रात आहेत, पण माणसांनी जपून ठेवले ते हे घरगुती. पूर्वेकडच्या चर्चमध्ये त्यांचा दिवस ११ फेब्रुवारी, आणि तिथं ते गुराढोरांचे राखणदारही आहेत.

पश्चिमेकडे त्यांचं नाव अवशेषांबरोबर गेलं. इटलीतल्या मारातेआ गावाची परंपरा अशी की ७३२ मध्ये सेबास्तेहून अवशेष घेऊन निघालेलं जहाज वादळात त्यांच्या किनाऱ्याला लागलं आणि संत तिथंच राहिले. जर्मनीत काळ्या प्लेगच्या शतकात संकटात धावून येणाऱ्या चौदा संतांची एक मालिका मान्य झाली, त्यात ब्लेझ आले. इंग्लंडात लोकर विंचरणाऱ्या कामगारांनी, ज्या फणीनं छळ झाला ती आपल्या धंद्याची म्हणून, त्यांना आपला संत मानलं. १८२५ मध्ये ब्रॅडफर्डच्या लोकर-धंद्यातल्या लोकांनी त्यांच्या नावानं मोठी मिरवणूक काढली.

पण ब्लेझ यांना खरं राज्य मिळालं ते दुब्रोवनिकमध्ये. या शहराचे आधीचे रक्षक दुसरे होते, सर्जियस आणि बाखस, तेही आरंभीच्या काळातले रक्तसाक्षीच. शहरामागच्या डोंगराला आजही सर्जियसवरून स्र्ज म्हणतात. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात, कथेप्रमाणे ९७१-७२ च्या सुमारास, व्हेनिसचं आरमार शहराबाहेर नांगर टाकून थांबलं. पूर्वेकडे जायचं आहे, पाणी आणि शिधा भरून घेतो, असं त्यांनी सांगितलं. त्या रात्री स्तोयको नावाच्या धर्मगुरूला चर्चमध्ये पांढऱ्या केसांचा एक वृद्ध बिशप दिसला. व्हेनिसवाले शहर घ्यायला आले आहेत, दरवाजे बंद करा, असा निरोप त्यानं नगरसभेसाठी दिला. मी सेबास्तेचा ब्लेझ, असंही त्यानं सांगितलं. शहर सावध झालं आणि वाचलं. तेव्हापासून ब्लेझ शहराचे झाले.

एखाद्या गावानं आपलं ग्रामदैवत कसं मिरवावं हे दुब्रोवनिककडून पाहावं. संतांची मूर्ती तटाच्या दरवाजांवर आली, नाण्यांवर आली, स्वतंत्र दुब्रोवनिक प्रजासत्ताकाच्या निशाणावर आली. त्यांच्या मस्तकाचे आणि हातापायांचे अवशेष सोन्याचांदीच्या पेट्यांत ठेवून ३ फेब्रुवारीला रस्त्यांवरून नेले जातात. सणाच्या आगेमागे काही दिवस हद्दपार झालेल्यांना आणि गुन्हेगारांना बिनधोक शहरात येऊन सणाला हजर राहता येई, असा कायदाच होता. शहरातल्या त्यांच्या चर्चमध्ये संतांची चांदीची, सोन्याचा मुलामा दिलेली एक मूर्ती आहे. तिच्या डाव्या हातात अख्खं शहर आहे, घरं, मनोरे, तट यांसकट. ६ एप्रिल १६६७ च्या भूकंपात दुब्रोवनिकचा मोठा भाग कोसळला, हजारो माणसं गेली, पण ही मूर्ती टिकली. भूकंपाआधी शहर कसं दिसत होतं हे अभ्यासक आज त्या हातातल्या शहराकडे पाहून ताडतात. जुनं चर्च पुढे १७०६ मध्ये आगीत गेलं आणि १७१५ पर्यंत आजचं उभं राहिलं. १८०८ मध्ये नेपोलियननं प्रजासत्ताक मोडून काढलं. सण मोडला नाही. २००९ मध्ये युनेस्कोनं या उत्सवाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. आणि एवढ्या सगळ्या थाटामाटात, दिवसभर चर्चमध्ये तोच विधी चालू असतो. दोन मेणबत्त्या, एक गळा.

हा संत भारताच्या वाटेवर आला तो पोर्तुगीजांबरोबर, आणि तोही पाणी भरण्याच्या निमित्तानं. ३ फेब्रुवारी १४८८ रोजी बार्तोलोमेउ दियाश आफ्रिकेचं टोक ओलांडून एका उपसागराशी पोहोचला. तिथं गोड्या पाण्याचा झरा होता. दिवस संत ब्लेझ यांचा, म्हणून त्यानं जागेला नाव दिलं अगुआदा दे साँव ब्राश, ब्लेझचा पाणवठा. आज त्याला मॉसेल बे म्हणतात. नोव्हेंबर १४९७ मध्ये वास्को द गामाची जहाजं कालिकतकडे येताना याच पाणवठ्यावर थांबली होती. म्हणजे भारताला जाणारा समुद्रमार्ग सापडला, तेव्हाच ब्लेझ हे नाव त्या मार्गावर कोरलेलं होतं.

दिनदर्शिकेतून नाव उचलायची ही पोर्तुगीज सवय गोव्यातही दिसते. २५ नोव्हेंबर १५१० रोजी पोर्तुगीज सेनापती आल्बुकेर्कनं गोवा जिंकलं, तो दिवस अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरिनचा. म्हणून तीही, आरंभीच्या काळातली रक्तसाक्षी, गोवा शहराची आश्रयदाती झाली आणि जुन्या गोव्याचं से कॅथेड्रल तिला वाहिलं गेलं. त्याच जुन्या गोव्याजवळ, कुंभारजुव्याच्या खाडीलगत गवंडाळी गावात ब्लेझ यांचं चर्च आहे. सोळाव्या शतकात गोव्यात आलेल्या दुब्रोवनिकच्या व्यापाऱ्यांशी त्याचं नातं क्रोएशियन अभ्यासक जोडतात. १९९९ मध्ये क्रोएशियन भारतविद्या अभ्यासक झ्द्राव्का मातिशिच तिथं गेल्या, तेव्हापासून क्रोएशियातून लोक मुद्दाम गवंडाळीला येतात. दुब्रोवनिकचे खलाशी त्या काळी अनेक देशांच्या जहाजांवर होते, तेव्हा हे नातं मला पटण्यासारखं वाटतं.

आंबोलीसाठी मात्र मी दुब्रोवनिकपर्यंत जाणार नाही. इथं पोर्तुगीज वाट पुरेशी आहे. २३ डिसेंबर १५३४ च्या तहानं गुजरातच्या बहादूरशहानं वसई आणि तिचा मुलूख पोर्तुगीजांना दिला, त्यात साष्टी बेट आलं, म्हणजे आजची बहुतेक सगळी उपनगरं. फ्रान्सिस्कन आणि जेझुइट पाद्री गावोगाव फिरले. बोरिवलीजवळ मंडपेश्वरच्या लेण्यावर चर्च आलं. १५७५ मध्ये वांद्र्याला सेंट अँड्र्यू, १५७९ मध्ये मरोळजवळ योहान बाप्तिस्ताचं चर्च, ज्याच्या भिंती आज सीप्झच्या आवारात उभ्या आहेत. आंबोलीचं संत ब्लेझ याच पोर्तुगीज वळणातलं. विधीचा काळही जुळतो, कारण मेणबत्त्यांनी गळ्याला आशीर्वाद देण्याची रीत सोळाव्या शतकापर्यंत युरोपात चांगली रुळलेली होती. आणि याच प्रदेशानं त्या शतकात उलट दिशेनंही एक रक्तसाक्षी पाठवला. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर क्रुसावर गेले. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं.

आंबोलीच्या चर्चला ब्लेझ यांचं नाव पाद्र्यांनी दिलं असेल, पण नाव देणं वेगळं आणि ते गावानं धरून ठेवणं वेगळं. त्या काळची आंबोली म्हणजे भातखाचरं, आंबे, विहिरी आणि पश्चिमेला जवळच वेसाव्याचा कोळीवाडा. रोजच्या ताटात भात आणि मासळी. गुहेत राहणारा साधू इथल्यांना नवा नव्हता. सहाव्या शतकातलं जोगेश्वरीचं प्रचंड शैव लेणं आंबोली गावाच्याच हद्दीत धरलं जाई आणि जुन्या गॅझेटियरात ते आंबोलीच्या नावानंही सापडतं. काटा काढणारा, गुरं राखणारा, मूल वाचवणारा देवमाणूस म्हणजे काय, हे या लोकांना समजावून सांगावं लागलं नसणार. गावाची वेस राखणारी आणि साथीला अडवणारी दैवतं त्यांच्या मनात आधीपासून होती. पोर्तुगीज राजाचा आणि लॅटिन प्रार्थनेचा अर्थ कळो न कळो, गळ्याला लागणाऱ्या मेणबत्तीचा अर्थ लगेच कळण्याजोगा होता.

त्यातही काट्यापेक्षा मोठी भीती दुसरीच होती. घटसर्प. लहान मुलाच्या घशात करडा पापुद्रा धरतो, मान सुजते, श्वास शिट्टीसारखा वाजतो आणि दोन-चार दिवसांत मूल गुदमरतं. स्पेनमध्ये १६१३ हे साल गळफासाचं वर्ष म्हणून ओळखलं गेलं ते याच रोगामुळे. औषध कुठंच नव्हतं, लिस्बनच्या वैद्याकडेही नव्हतं आणि साष्टीच्या वैदूकडेही नव्हतं. ज्या रोगात आई काहीच करू शकत नाही त्या रोगासाठी तिला कोणीतरी लागतं. काटा अडकलेल्या मुलाच्या आईची गोष्ट तिला आपलीच वाटणार. एतिओसच्या ग्रंथापासून आंबोलीपर्यंत हा धागा अखंड येतो आणि तो आयांच्या हातातून येतो, हे मला या कथेतलं सर्वांत खरं वाटतं.

राज्यं बदलली. १७३७ मध्ये साष्टी मराठ्यांनी घेतली, १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई सर केली. पोर्तुगीज पाद्री गेले, इथल्याच मातीतल्या धर्मगुरूंनी वेद्या सांभाळल्या. १७७४ च्या अखेरीस इंग्रज आले. १८६७ मध्ये विरारहून बॅकबेपर्यंत आगगाडी धावू लागली आणि अंधेरी मुंबईच्या आणखी जवळ आली. इथल्या मूळ ख्रिस्ती शेतकरी-कोळ्यांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ईस्ट इंडियन हे नाव घेऊन आपली संघटना उभारली. नाव इंग्रजी, पण घरची बोली मराठीच, लग्नात उंबराचं पाणी आणि कपाटात बाटलीतला मसाला. १८९६ नंतर प्लेग आला तेव्हा साष्टीच्या गावठाणांत नाक्यानाक्यावर क्रूस उभे राहिले. पुढे आंबोलीतल्या शेतांच्या जागी फिल्मालयसारखा स्टुडिओ आला, मग सोसायट्या आल्या. मंगळूर, गोवा, केरळ, तमिळनाडू इथून आलेले कॅथलिक या उपनगरांतल्या चर्चमध्ये मिसळले.

दरम्यानच्या काळात घटसर्पावर उपाय सापडला होता. १८९० मध्ये बेरिंग आणि किटासाटो यांनी त्याच्या विषावरची प्रतिलस दाखवून दिली. १९०१ चं वैद्यकाचं पहिलं नोबेल बेरिंग यांना त्यासाठीच मिळालं. भारतात १९७८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात घटसर्पाची लस त्रिगुणी लसीतून घरोघरच्या बाळांपर्यंत गेली. संतांवर श्रद्धा असणाऱ्यांनी लसीला नाही म्हणण्याचं काहीच कारण नाही. ब्लेझ स्वतः वैद्य होते असं त्यांची परंपरा सांगते आणि त्यांच्या नावानं गळा सोडवायची रीत लिहून ठेवणारा एतिओसही वैद्यच होता. बाळाला टोचून आणणारी आणि ३ फेब्रुवारीला त्यालाच कडेवर घेऊन मेणबत्त्यांखाली उभी राहणारी आई दोन्हीकडे एकाच घराण्याकडे जाते.

एक गोष्ट मनापासून मागावीशी वाटते. दुब्रोवनिकनं आपल्या सणाचा प्रत्येक तपशील लिहून ठेवला, म्हणून युनेस्कोपुढे तो मांडता आला. आंबोलीसारख्या गावठाणांतल्या वयस्क माणसांकडे या संताविषयी काय काय आहे, सणाला काय रांधत, काटा अडकला तर नाव कसं घेत, मेणबत्तीचा उरलेला तुकडा घरात कुठं ठेवत, हे त्यांच्याच मराठी बोलीत नोंदवायला हवं. गावठाणातली घरं वर्षागणिक पुनर्विकासाला जात आहेत आणि त्या घरांतली माणसं दूरदूरच्या फ्लॅटमध्ये विखुरत आहेत. सणाच्या दिवशी ती आंबोलीत परत येतात. विचारायला सुरुवात करायची तर तो दिवस चांगला.